रिझर्व्ह बँकेत संशोधन अर्थतज्ज्ञ : परीक्षा, रोजचं काम आणि आकड्यांतले खड्डे

पंचगंगाकाठ

कोल्हापुरात ग्रेड बी, म्हणजे रिझर्व्ह बँकेची अधिकारी भरती, म्हटलं की क्लासवाले एकच नकाशा पुढं करतात: गणित, रीझनिंग, चालू घडामोडी. तो जनरल प्रवाहाचा झाला. अर्थशास्त्रात एम.ए. केलेल्यांसाठी दार वेगळं आहे. शिवाजी विद्यापीठातनं दरवर्षी बाहेर पडणाऱ्या बऱ्याच पोरापोरींना त्याचा पत्ताच नसतो, म्हणून हा धागा काढलाय.

रिझर्व्ह बँकेच्या अधिकारी भरतीत तीन प्रवाह असतात: जनरल, डीईपीआर म्हणजे आर्थिक व धोरण संशोधन विभाग, आणि डीएसआयएम म्हणजे सांख्यिकी व माहिती व्यवस्थापन विभाग. संशोधन अर्थतज्ज्ञाचं काम करायचं तर डीईपीआर. त्यासाठी अर्थशास्त्र, अर्थमिती, गणिती अर्थशास्त्र, वित्त अशा विषयातली पदव्युत्तर पदवी, किमान ५५ टक्क्यांनी. वय २१ ते ३०. एम.फिल. असेल तर ३२ आणि पीएच.डी. असेल तर ३४ पर्यंत चालतं. राखीव प्रवर्गाच्या सवलती जाहिरातीत नीट वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

पहिल्या टप्प्यात दोन पेपर: अर्थशास्त्राचा वस्तुनिष्ठ, १०० गुण, १२० मिनिटं, आणि इंग्रजीचा वर्णनात्मक, १०० गुण, ९० मिनिटं, तो कीबोर्डवर टाइप करायचा. दुसऱ्या टप्प्यात अर्थशास्त्राचेच दोन वर्णनात्मक पेपर, प्रत्येकी १०० गुण आणि १२० मिनिटं. इथं प्रश्न स्क्रीनवर दिसतात, उत्तरं मात्र कागदावर पेनानं. मग ७५ गुणांची मुलाखत. रीझनिंग आणि गणिताचा जनरलसारखा पेपर नाही.

जागा किती? २०२४ ला २१ आणि २०२५ ला १७. अख्ख्या देशासाठी. २०२५ च्या जाहिरातीत सुरुवातीचं मूळ वेतन ७८,४५० रुपये होतं, भत्ते वेगळे.

गुजरी_कॉर्नर

माहिती भारी दिलीत काका. पण आत गेल्यावर दिवसभर करायचं काय असतं? आमच्या डोक्यात चित्र असं की बसून पेपर लिहायचे आणि गव्हर्नरसाहेबांनी वाचायचे. आणि पीएच.डी. नसेल तर तिथं टिकाव लागतो का?

आकडेमोड

पीएच.डी. ही अट नाही. बरेच जण एम.ए.वर आत जातात आणि नंतर रजा घेऊन, बँकेच्याच शिष्यवृत्तीवर पुढचं शिकतात.

कामाचं म्हणाल तर पेपर हा त्यातला छोटा तुकडा. मोठा भाग टिपणांचा. कुठलाही महत्त्वाचा आकडा बाहेर पडला की काही तासांत दीड-दोन पानांचं टिपण वर जावं लागतं: काय झालं, का झालं, टिकेल का, आपल्या अंदाजापेक्षा किती वेगळं आणि कशामुळं. ग्राहक किंमत निर्देशांक महिन्याच्या १२ तारखेला दुपारी ४ वाजता येतो. वरच्या माणसाला त्या दिवशी पंधरा आलेख नको असतात, एक पान हवं असतं आणि त्यातला प्रत्येक आकडा परत काढून दाखवता आला पाहिजे.

याशिवाय ठरलेली प्रकाशनं: मासिक बुलेटिन, त्यातला अर्थव्यवस्थेच्या स्थितीवरचा लेख, वार्षिक अहवाल, राज्यांच्या अर्थसंकल्पांचा अभ्यास, बँकिंगचा कल आणि प्रगती अहवाल, चलन व वित्त अहवाल. प्रत्येकाची तारीख पक्की. राज्यांच्या अर्थसंकल्पांवर बसलेला माणूस महिनोन्‌महिने महसुली तूट, हमी आणि अर्थसंकल्पाबाहेरची कर्जं यांच्या तक्त्यांत असतो. ज्याला हे कंटाळवाणं वाटतं त्यानं विद्यापीठात जावं, तिथं मोकळीक जास्त आहे.

व्याजदर ठरवणाऱ्या पतधोरण समितीच्या बैठकीआधीचे दिवस वेगळे. समिती सहा जणांची, तीन बँकेतले आणि तीन बाहेरचे. पहिली बैठक ऑक्टोबर २०१६ मध्ये झाली. कायद्यानं वर्षाला किमान चार बैठका, प्रत्यक्षात सहा होतात. महागाईचं लक्ष्य ४ टक्के, खालीवर २. सलग तीन तिमाह्या महागाई पट्ट्याबाहेर राहिली तर बँकेला सरकारकडं लेखी कारणं द्यावी लागतात. २०२२ मध्ये ती वेळ आली होती. बैठकीच्या आधी सात दिवस आणि नंतर सात दिवस समितीचे सदस्य धोरणावर बाहेर बोलत नाहीत. आतल्या माणसानं तर त्या काळात लग्नाच्या पंगतीतसुद्धा 'व्याजदर काय होणार' या प्रश्नावर जेवणाचं कौतुक करावं हे बरं.

शिरोली_नाका

मला एक पटत नाही. महागाईचा आकडा तर सांख्यिकी मंत्रालय काढतं. टक्केवारी कुणीही काढेल, एक्सेलमध्ये एक ओळ. त्यात अर्थतज्ज्ञ कशाला?

आकडेमोड

दादा, टक्केवारी कुणीही काढतं, तिचा अर्थ लावताना माणसं घसरतात. खरं उदाहरण घ्या. जून २०२४ ला महागाई ५.०८ टक्के होती, जुलै २०२४ ला पहिला आकडा आला ३.५४. बातम्या आल्या की महागाई पाच वर्षांच्या तळाला. पण त्याच महिनाभरात निर्देशांक सुमारे १.४ टक्क्यांनी वर गेला होता. म्हणजे भाव उतरले नव्हते, चांगले चढले होते.

मग दर पडला कसा? जुलै २०२३ मध्ये टोमॅटोनं आकाश गाठलं होतं आणि एका महिन्यात निर्देशांक २.९ टक्क्यांच्या आसपास उसळला होता. वार्षिक दर हा बारा महिन्यांच्या बदलांची साखळी असतो. जुलै २०२४ आला तेव्हा साखळीतनं २.९ ची कडी गळाली आणि १.४ ची जोडली गेली. फरक दीड टक्का, तेवढाच दर खाली आला. याला बेस इफेक्ट म्हणतात, आणि नव्या कडीला मोमेंटम.

टिपणात हे दोन्ही वेगळे दाखवायचे. पुढचे बारा बेस इफेक्ट आजच माहीत असतात, कारण गेल्या वर्षीचे आकडे हातात आहेत. अंदाज बांधायचा तो फक्त मोमेंटमचा. बाकीचा अर्धा अंदाज आधीच लिहिलेला असतो आणि तरी लोक त्याचं आश्चर्य करतात!

गुजरी_कॉर्नर

मोमेंटम म्हणजे महिन्यागणिक बदल ना? मग दिवाळीत तो वाढणारच, पावसाळ्यात भाजी महागणारच. ते कसं वेगळं काढतात?

आकडेमोड

ताई, नेमक्या जागी बोट ठेवलंत. त्याला हंगामी समायोजन म्हणतात. एक्स-१३ अरिमा-सीट्स हे अमेरिकेच्या जनगणना विभागाचं सॉफ्टवेअर त्यासाठी सगळीकडं वापरतात, फुकट मिळतं आणि आर या संगणकभाषेतूनही चालतं. पण त्याच्यात ईस्टर तयार आहे, दिवाळी नाही. दिवाळी आपल्याला आपल्या हातानं भरावी लागते. कसं ते सांगतो.

समजा दुचाकी विक्रीची मासिक मालिका आहे आणि आपण मानलं की लक्ष्मीपूजन धरून आधीचे १५ दिवस खरेदीचे. २०२३ ला लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला, म्हणजे खिडकी २९ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर. त्यातले ३ दिवस ऑक्टोबरात, १२ नोव्हेंबरात: ऑक्टोबरला ०.२०, नोव्हेंबरला ०.८०. २०२४ ला आपल्याकडं १ नोव्हेंबर: ऑक्टोबरला ०.९३, नोव्हेंबरला ०.०७. २०२५ ला २१ ऑक्टोबर: ऑक्टोबरला पूर्ण १, नोव्हेंबरला शून्य. बाकी सगळ्या महिन्यांना शून्य. असा स्तंभ मालिकेच्या सुरुवातीपासून करायचा, शक्य तितक्या वर्षांचा, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांचाही, कारण प्रोग्रॅम मालिका पुढं वाढवून बघतो. मग प्रत्येक महिन्याच्या मूल्यातनं त्या महिन्याची दीर्घकालीन सरासरी वजा करायची. ही वजाबाकी विसरली तर दिवाळीचा जो भाग दरवर्षीचाच आहे तोही हंगामातनं बाहेर पडून सणाच्या खात्यात जातो आणि समायोजित मालिकेची पातळी सरकते.

हे न करता २०२३ चा ऑक्टोबर २०२४ च्या ऑक्टोबरशी ताडला तर विक्री धो धो वाढली असं दिसेल आणि नोव्हेंबरात कोसळली असं. तेव्हा ऑक्टोबर-नोव्हेंबर मिळून बघणं ही गरिबाची युक्ती, घाईत तीही चालते.

दुसरा आपला खास खड्डा अधिक मासाचा. २०२३ ला अधिक श्रावण आला, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. त्यामुळं गणपती २०२२ च्या ३१ ऑगस्टवरून १९ सप्टेंबरला गेले. श्रावणात मटण-अंड्यांचा खप, गणपतीची खरेदी, लग्नाच्या तारखा, सगळं सरकतं. ज्यानं टेबलावर कालनिर्णय ठेवलंय त्याचं समायोजन परदेशी विद्यापीठात शिकलेल्यापेक्षा चांगलं निघतं, हे मी गमतीनं म्हणत नाही.

आणि एक: शेवटचे काही महिने नेहमी बदलतात. नवा आकडा आला की मागचे समायोजित आकडे हलतात. म्हणून समायोजित मोमेंटमवर एका महिन्यात निष्कर्ष काढायचा नाही, तीन महिन्यांची सरासरी घ्यायची.

उभा_मारुती

आकड्यांतले खड्डे हा विषय निघालाच आहे तर मालिका उतरवून घेणाऱ्यांनी हे बघा. रिझर्व्ह बँकेचा डीबीआयई हा डेटाबेस सगळ्यांना खुला आहे, खातं लागत नाही. पण उतरवला आणि रिग्रेशनला (आकड्यांतला संबंध मोजायच्या पद्धतीला) लावला असं करू नका.

एप्रिल आणि मे २०२० ची किरकोळ महागाई. टाळेबंदीत भाव गोळा करणं थांबलं होतं, त्या दोन महिन्यांचे निर्देशांक नंतर भरून काढलेले आहेत. त्यांच्यावर मोमेंटम काढून काही सिद्ध करू नये.

बँक कर्ज, जुलै २०२३. एचडीएफसी ही गृहवित्त कंपनी १ जुलै २०२३ ला एचडीएफसी बँकेत विलीन झाली. कंपनीची कर्जं बँकिंगच्या बाहेर होती ती एका दिवसात आत आली. वाढीचा दर उडी मारतो, विशेषतः गृहकर्जाचा. रिझर्व्ह बँक विलीनीकरण धरून आणि वगळून असे दोन्ही आकडे देते. कुठला घेतला ते तळटीपेत लिहा.

रिझर्व्ह बँकेचा स्वतःचा ताळेबंद. हिशेबाचं वर्ष पूर्वी जुलै ते जून होतं. २०२०-२१ हे जुलै ते मार्च असं नऊच महिन्यांचं, त्यानंतर एप्रिल ते मार्च. त्या वर्षीचं उत्पन्न आधीच्या वर्षाशी सरळ ताडणारे लेख अजून सापडतात.

पाक्षिक आकडे. बँकांचा पंधरवडा वर्षानुवर्षं एकाआड एक शुक्रवारी संपायचा, त्यामुळं मार्चचा शेवटचा अहवाली शुक्रवार आणि ३१ मार्च यांत तफावत. वर्षअखेरीला बँका ठेवी फुगवतात, तेव्हा हे काही दिवस लई महागात पडतात. २०२५ च्या कायद्यातल्या दुरुस्तीनं पंधरवडा आता महिन्याची १५ तारीख आणि महिनाअखेर असा झाला, म्हणजे जुनी आणि नवी मालिका जोडताना परत काळजी.

आणि एकक! मधल्या काही वर्षांच्या तक्त्यांत अब्ज रुपये आहेत, बाकीकडं कोटी. एक अब्ज म्हणजे १०० कोटी. शंभरपट चूक आलेखात लगेच दिसते, पण वाढीच्या दरात एकाच वर्षात लपून बसते.

गुळाची_ढेप

कोल्हापुरापुरतं बोलायचं तर अजून मोठा खड्डा आहे. जिल्हावार ठेवी आणि कर्जं डीबीआयईवर तिमाहीला मिळतात. पोरं ती घेऊन कोल्हापूरचं कर्ज-ठेव गुणोत्तर काढतात आणि प्रकल्पात लिहितात की शेतीला कर्ज कमी. तो आकडा अनुसूचित वाणिज्य बँकांचा असतो. जिल्हा मध्यवर्ती बँक त्यात नाही, नागरी सहकारी बँका नाहीत, गावोगावच्या विकास सोसायट्या नाहीत, पतसंस्था तर नाहीतच. इथं ऊसउत्पादकाचं पीककर्ज जिल्हा बँकेतनं सोसायटीमार्गे येतं आणि कारखान्याच्या बिलातनं वळतं होतं. जो भाग जिल्ह्याचा कणा, तोच मोजणीबाहेर. विदर्भातल्या जिल्ह्याशी तुलना केली तर दोन वेगळ्या गोष्टी ताडल्या जातात.

सहकाराचे आकडे वेगळे गोळा करावे लागतात: जिल्हा अग्रणी बँकेचा वार्षिक पतआराखडा, नाबार्डचा जिल्ह्यासाठीचा संभाव्यता आराखडा, जिल्हा बँकेचा वार्षिक अहवाल. तारखा जुळत नाहीत, व्याख्या जुळत नाहीत. सोसायटीला दिलेलं आणि सोसायटीनं शेतकऱ्याला दिलेलं असं एकच कर्ज दोनदा मोजलं जाण्याचा धोका, तो आधी काढा.

हंगामही ध्यानात घ्या. गाळप साधारण नोव्हेंबर ते मार्च. साखर गोदामात साठते, तिच्यावर मालतारण उचल वाढते, साखर विकली की उतरते. मार्चअखेरचा आकडा घेतला तर कर्ज टेकडीवर दिसतं, सप्टेंबरचा घेतला तर दरीत.

शिरोली_नाका

म्हणजे फौंड्रीवाल्यांचं काय? शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथलं उत्पादन कुठल्या आकड्यात दिसतं?

उभा_मारुती

थेट कुठल्याच नाही. औद्योगिक उत्पादन निर्देशांक देशाचा येतो, जिल्ह्याचा नाही. जवळपासची खूण म्हणून वीजवापर, ट्रॅक्टर आणि व्यापारी वाहनांचं देशातलं उत्पादन, ई-वे बिलं (तीही राज्यवार) बघतात. ओतकामाचा गिऱ्हाईक म्हणजे वाहन आणि पंप उद्योग. तो शिंकला की दोन महिन्यांत इथं सर्दी. अंदाज बांधताना हा उशीर मॉडेलमध्ये घालायचा.

पंचगंगाकाठ

गुळाची_ढेप यांचा मुद्दा मुलाखतीला थेट उपयोगी आहे. कोल्हापूरचा उमेदवार म्हटल्यावर ऊस निघण्याची शक्यता मोठी. 'शेतकऱ्यांना भाव मिळाला पाहिजे' हे उत्तर नव्हे. आकडे तोंडावर पाहिजेत. २०२५-२६ हंगामाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा किमान दर, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये, आदल्या हंगामात ३४०. साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी २०१९ ला किलोला ३१ रुपये झाली आणि २०२५-२६ चा हंगाम सुरू होतानाही तीच होती. ऊस नियंत्रण आदेशानुसार बिल १४ दिवसांत द्यायचं, साखर मात्र वर्षभर विकली जाते.

त्यापुढचा प्रश्न असा येईल: एफआरपी वाढली तर महागाईवर काय परिणाम? २०१२ पायाच्या निर्देशांकात साखर आणि मिठाई गटाचा भार, म्हणजे निर्देशांकातला वाटा, १.३६ टक्केच होता, अख्ख्या अन्न व पेयांचा ४५.८६. म्हणजे साखर १० टक्के महागली तरी थेट परिणाम ०.१४ टक्क्याच्या आत. पण ग्रामीण रोखता, कारखान्यांची थकीत कर्जं, इथेनॉलकडं वळवलेला रस हे मार्ग वेगळे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन घातलं, ते साखरेच्या उपलब्धतेसाठी. एवढं सुसंगत सांगता आलं तर पुढचा प्रश्न अवघड येतो, आणि मुलाखतीत ते चांगलं लक्षण.

गुजरी_कॉर्नर

दुसऱ्या टप्प्यातलं उत्तर कसं लिहायचं? आम्हाला विद्यापीठात सोळा गुणांना आठ पानं लिहायची सवय.

आकडेमोड

ती सवय आधी मोडा. दोन तासांत कमी लिहायचं आणि घट्ट लिहायचं. एक नमुना: 'सरकारचं कर्ज टिकाऊ आहे का?' व्याख्या आणि इतिहास यांत पान घालवू नका. सरळ समीकरण मांडा: सरकारी कर्जाचं देशाच्या उत्पन्नाशी जे गुणोत्तर, त्यातला बदल म्हणजे, व्याजदर वजा वाढीचा दर, भागिले एक अधिक वाढीचा दर, गुणिले मागचं गुणोत्तर, अधिक प्राथमिक तूट (व्याजाचा खर्च सोडून उरलेली तूट). मग आकडे घाला. गुणोत्तर ८०, व्याज ७ टक्के, नाममात्र वाढ १० टक्के धरली तर पहिला भाग उणे २.२ च्या जवळ येतो. म्हणजे प्राथमिक तूट २.२ टक्क्यांपर्यंत असली तरी गुणोत्तर वाढत नाही. आता वाढ ७ वर आणा: पहिला भाग शून्य, तूट जेवढी तेवढं गुणोत्तर वाढणार. मग व्याजदर स्वतःच कर्जावर अवलंबून असतो ही अडचण, राज्यांच्या हमींची अडचण, आणि निष्कर्ष. दीड पान. आकृती काढली तर अक्षांना नावं द्या, निम्मे लोक देत नाहीत.

अर्थमितीत पाठांतर चालत नाही. दोन मालिका वर जाताहेत म्हणून संबंध नसतो, स्थिरता आधी तपासायची. सहसमाकलन (कोइंटिग्रेशन) कधी बघायचं. अवशेषांत (मॉडेलच्या चुकांत) स्वसहसंबंध, म्हणजे एका काळातली चूक पुढच्या काळातल्या चुकीशी जोडलेली, असला तर नेमकं काय बिघडतं. बिघडतं ते प्रमाण त्रुटींत (स्टँडर्ड एररमध्ये). गुणक पूर्वग्रहित होतोच असं नाही, पण मागच्या काळातलं अवलंबी चल मॉडेलात असेल तर होतो. हा फरक एका वाक्यात लिहिणारा वेगळा उठून दिसतो.

मराठीतून उत्तरं लिहायची सोय नाही, हे गृहीत धरूनच तयारी करा. इंग्रजी वर्णनात्मक पेपर टाइप करायचा आहे, तेव्हा मिनिटाला तीसेक शब्दांचा वेग नसेल तर विचार पुढं आणि बोटं मागं राहतात.

शिरोली_नाका

आत गेल्यावर स्वतःच्या नावानं काही छापता येतं का, का सगळं बँकेच्या नावावर?

उभा_मारुती

येतं. बुलेटिनमधले लेख, मार्च २०११ पासूनची वर्किंग पेपर मालिका आणि ऑकेजनल पेपर्स या सगळ्यांवर लेखकांची नावं असतात, आणि मतं लेखकांची, बँकेची नव्हेत, अशी टीपही. आधी आतल्या चर्चासत्रात मांडायचं, तपासनिसांचे शेरे यायचे, दुरुस्त्या करायच्या. पेपर अडतो तो बहुतेक दोन कारणांनी. एक, एखाद्या बँकेची ओळख पटेल असा आकडा. बँकांची विवरणपत्रं गोपनीय असतात, त्यामुळं तीन-चार बँकांचा गट करून सरासरी दिली तरी मोठी बँक त्यातनं ओळखू येत असेल तर तक्ता काढावा लागतो. दोन, निष्कर्षातलं वाक्य धोरणाचा इशारा वाटेल असं. 'दर कमी करायला वाव आहे' असं लिहायचं नसतं; अंदाजाचा गुणक आणि त्याचा पट्टा द्यायचा, वाव वाचणारा काढेल.

गुजरी_कॉर्नर

मग घरी बसून सराव काय करायचा?

आकडेमोड

१२ तारखेला दुपारी ४ वाजता सांख्यिकी मंत्रालयाचं पत्रक उतरवा. ५.३० पर्यंत इंग्रजीत २५० शब्द: दर, बेस इफेक्ट, मोमेंटम, कुठल्या तीन गटांनी ढकललं, गाभा महागाई (अन्न आणि इंधन वगळून) काय म्हणते. गटाचं योगदान काढताना गटाचा महागाई दर नुसता भारानं गुणू नका. गटाच्या निर्देशांकातला फरक गुणिले भार, भागिले वर्षापूर्वीचा एकूण निर्देशांक. सगळ्या योगदानांची बेरीज एकूण दराला आली पाहिजे, दशांशाच्या दुसऱ्या घरात थोडा फरक चालेल. नाही आली तर भार ग्रामीणचे आणि निर्देशांक एकत्रित असं काहीतरी झालेलं असतं. बुलेटिन आलं की त्यातल्या लेखाशी आपलं टिपण लावून बघा, आणि त्यांनी कुठला आकडा घेतलाच नाही ते आधी बघा.